पहिलं नाव जावयाचं

इगलुनोक, वरची वाडी
मंगळवार, ८ एप्रिल १९९७

विहीणबाई तासिंग यांना पान्यांगचा नमस्कार.

पत्र वरखाली करणाऱ्या इस्कोच्या जीपनी गाडीतून पाठवतेय. मी स्वतःच खाली उतरणार होते, पण समोरासमोर बसलो तर आपलं भांडण होईल आणि मधल्यामधे मारिबिक रडेल. तुमची मुलगी आधीच कालपासून माझ्याशी ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलतेय.

काल बाजारातून आमच्या वाडीतल्या बायका परत आल्या त्या हसत. मी विचारलं, काय स्वस्त मिळालं? तर एक म्हणाली, “तुझा मुलगा स्वस्त झालाय, पान्यांग.” मग कळलं. रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर बास्केटबॉलच्या मैदानावर तुमची सभा झाली. तुम्ही गावच्या प्रमुखाच्या, कपितानच्या खुर्चीसाठी उभ्या राहिलात, चांगलं केलंत. अठरा वर्षं गावच्या सचिव म्हणून दुसऱ्यांच्या बाता लिहून घेतल्यात, आता स्वतःच्या मारा. पण तुम्ही त्या मैदानावर म्हणालात म्हणे, की मी निवडून आले तर रस्त्याचा खर्च निम्म्यावर आणीन, सहा गड्यांतले चार काढीन, आणि “पहिला माझा जावई तेयो, कारण तो बुधवारनंतर झोपा काढतो.”

हे खरं आहे का?

रस्ता म्हणजे आमचाच रस्ता ना? सात किलोमीटरचा हा चढ आहे म्हणून आमची केळी आणि आलं खाली येतं. तो गेला की सगळं पाठीवर. बरं, रस्त्याचं राहू द्या. चारचौघांत जावयाला झोपाळू म्हणणारी सासू मी आजवर पाहिली नव्हती. तेयो काल कामावरून आला, फावडं भिंतीला टेकवलं, आणि न जेवता कोंबड्यांकडे बघत बसला. तुरीच्या दाण्यांत फणस घालून केलं होतं, त्याच्या आवडीचं. कोंबड्यांनी खाल्लं.

माझं एकच मागणं आहे. पुढच्या सभेत सांगा की ऐकणाऱ्यांची चूक झाली. मैदानावरचा भोंगा खराब आहे हे सगळ्यांना माहीत आहे. लोक मानतील.

तुमची विहीण,
पान्यांग


सान ग्रेगोरियो, खालचं गाव
शनिवार, १२ एप्रिल

विहीणबाई,

भोंगा चांगला होता. मीच दुरुस्त करून आणला होता.

मी जे बोलले ते तुम्हाला शब्दन् शब्द बरोबर कळलंय. बाजारातून बातमी इतकी धड वर पोचते, याचंच नवल वाटलं.

आता माझं ऐका. मी अठरा वर्षं गावच्या सभांचं लिहून घेतलं. चार कपितान झाले. प्रत्येकाने पहिल्या सभेत सांगितलं की इगलुनोकचा रस्ता सिमेंटचा करतो. मी ते वाक्य इतक्या वेळा लिहिलं की कपितान तोंड उघडायच्या आत माझं पेन चालू व्हायचं. सिमेंट आलं का? दरवर्षी सहा गडी घमेल्यांनी खडी टाकतात आणि दरवर्षी पहिल्या मोठ्या पावसात ती ओढ्यात जाते. तीस वर्षं आपण ओढ्याला खडी खायला घालतोय.

इकडे शाळेजवळची विहीर मार्चमध्येच तळाला जाते. लोक खड्ड्यातलं पाणी गाळून पितात. गेल्या मे महिन्यात जुलाबांनी दोन मुलं गेली. त्यातल्या एकीचा शाळेचा गणवेश माझ्या मशीनवर होता. कॉलर लावायची राहिली होती. मला खोल बोअर आणि पंप हवाय, त्याला पैसा लागतो, आणि गावाकडे पैसा रस्त्यासाठी ठेवलेला आहे, दुसरा नाही. म्हणून सांगितलं की रस्त्याचा कापणार. यात चुकीचं काय?

माझ्याकडे रोज माणसं येतात. माझा चुलतभाऊ, पाद्री, बालवाडीच्या बाई. सगळ्यांचं म्हणणं एकच. “तासिंग, कर ना. रस्त्याचं काप, गडी काढ, कोण नाही म्हणतंय? पण बोलू नकोस. आधी निवडून ये.” ऐकून ऐकून डोकं उठलंय. काल तर पाद्रींना म्हटलं, “फादर, हेच कबुलीजबाबाला येऊन सांगितलं असतं तर चाललं असतं ना?”

तेयोचं नाव आधी घेतलं कारण नाहीतर लोक म्हणाले असते, दुसऱ्यांची पोरं काढते आणि जावयाला ठेवते.

मारिबिक सोमवारी बाजारातून माझ्याकडे न येताच वर गेली. तिला पाठवा.

तासिंग


इगलुनोक
शनिवार, १९ एप्रिल

विहीणबाई,

मारिबिकला मी अडवलेलं नाही. तिला खाली यायचं नाहीये. बाजारात तिला बघितलं की लोक मान तिरकी करून घोरल्याचा आवाज काढतात. आता ह्यात मी काय करू?

तुमच्या विहिरीचं वाईट वाटतं. त्या मुलांचंही. मी काही दगड नाही. पण तुम्ही तिकडे मशीनवर बसून म्हणता खडी ओढ्यात जाते. ओढ्यात जाईपर्यंत आठ महिने आमची गाडी चालते, त्याचं काय? आणि गडी बुधवारनंतर झोपतात कारण खडीचा ट्रक आठवड्यातून एकदाच येतो आणि मंगळवारी दुपारपर्यंत ती संपते. मग त्यांनी काय स्वतःचे दात टाकावेत रस्त्यावर? हे तुम्ही मैदानावर सांगितलं नाहीत.

तुमची बातमी फक्त आमच्यापर्यंतच नाही पोचली. गुरुवारी रुफिनो आला होता. तोच, तुमच्यासमोर उभा आहे तो. गोड माणूस. आल्या आल्या माझ्या गुडघ्याची चौकशी केली. तेयोला टोपी दिली, स्वतःचं नाव छापलेली. म्हणाला, “तेयो, मी आलो की रस्ता सिमेंटचा होणार आणि तू मुकादम होणार. फक्त चार तारखेला तुमच्याच वाडीत माझी सभा आहे, तिथे ट्रकवर उभा राहून सांग, की स्वतःच्या जावयाला जी सांभाळत नाही ती गाव काय सांभाळणार.”

तेयो म्हणाला, “बघतो.” तुम्हाला माहीत आहे, तो ‘बघतो’ म्हणाला की करतो.

मी त्याला थांबवलं नाही, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते. कालच नेग्रोस बेटावरच्या ऊसतोडीचा मुकादम माणसं लिहून घ्यायला आला होता. चांगल्या मळ्याचं काम होतं, राहायला पत्र्याची खोली. तेयोने त्याला परत पाठवलं. इथेच मुकादम होणार असेल तर माणूस समुद्रापलीकडे कशाला जाईल?

पान्यांग


सान ग्रेगोरियो
बुधवार, २३ एप्रिल

विहीणबाई,

बोलू द्या त्याला. फक्त सांगा की शब्द गिळू नको. लग्नात शपथ घेताना पाद्रींनी तीनदा विचारलं होतं, ‘काय म्हणालास?’

रुफिनो सिमेंट कुठून आणणार हे कुणी विचारलं का? नसेलच. टोपी मिळाल्यावर कोण विचारतं?

खडीच्या ट्रकचं तुमचं बरोबर आहे. ते मी सांगायला हवं होतं. पुढच्या सभेत सांगते. पण निष्कर्ष तोच, चार गडी जास्त आहेत.

इथली गंमत ऐका. खालच्या गावाला मी पाणी देणार म्हणतेय, तर खालचेही माझ्यावर नाराज. काल एकजण कपडे शिवायला टाकून गेला आणि जाताना म्हणाला, “पंप छान आहे हो, पण तुम्ही फारच स्पष्ट बोलता. उद्या आमचंही काही कापाल.” मी म्हटलं, “कापलं तर आधी सांगीन.” तो म्हणाला, “तेच तर. रुफिनो निदान हसतो तरी.” आता मी काय करायचं, आरशासमोर उभं राहून हसायची सवय करायची?

मारिबिकला म्हणावं, मी तिच्यासाठी निळ्या कापडाचा झगा बेतून ठेवलाय. मापाला तरी येशील का?

तासिंग


इगलुनोक
मंगळवार, ६ मे

विहीणबाई,

रविवारची सभा झाली. तुम्हाला कुणीतरी काहीतरी सांगेलच, म्हणून जे घडलं ते मीच लिहिते.

सगळी वाडी आली होती. रुफिनोने डुक्कर कापलं होतं, माडीचे दोन हंडे होते. ट्रकवर भोंगा, गाणी. तेयोने इस्त्रीचा शर्ट घातला. मी पुढच्या बाकावर बसले होते. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. म्हटलं, आता माझ्या मुलाची मान वर होईल.

रुफिनोने हात धरून त्याला वर घेतलं. “आता बोलतोय तो, ज्याच्या पोटावर त्याच्या सासूनेच पाय दिला.” तेयोने भोंग्याचा माईक हातात घेतला, दोन्ही हातांनी, फावडं धरतो तसा. आणि म्हणाला:

“सासूबाई बोलल्या ते खरं आहे. बुधवारनंतर आम्ही झोपतो. खडी नसते. मी झोपतो, बाकीचे पत्ते खेळतात.”

कुणीतरी हसलं. रुफिनोने त्याच्या पाठीवर थाप मारली, पुढे बोल म्हणून. तेयोने माईक पुन्हा तोंडाजवळ घेतला. मग म्हणाला, “पण आम्ही सहाजण आहोत. नाव माझं एकट्याचंच का घेतलं, ते मला कळलं नाही.” आणि माईक परत दिला आणि उतरला.

रुफिनोने टाळ्या वाजवल्या, जसं काही मोठं भाषणच झालं. त्याच्या माणसांनी घाईघाईने गाणं लावलं. बाकीचे पाचजण तेयोवर असे चिडलेत की सोमवारी कुणी त्याच्या शेजारी बसून जेवलं नाही. मुकादमकीचं आता रुफिनो बोलतही नाही. तेयोला मी घरी आल्यावर विचारलं, “अरे मेल्या, तुला पाठ करून दिलेलं वाक्य कुठे गेलं?” तर म्हणतो, “आई, ते वाक्य माझं नव्हतं.”

मी कुणाकुणावर वैतागू? तुमच्यावर, की ह्याच्यावर? एकीने तोंड बंद ठेवलं असतं तर दुसऱ्याला उघडावं लागलं नसतं.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्याल का? मला नको, त्याला.

पान्यांग


सान ग्रेगोरियो
गुरुवार, १५ मे

विहीणबाई,

पडले. त्रेचाळीस मतांनी. तुम्हाला कळलं असेलच, रुफिनोचे फटाके वरपर्यंत ऐकू गेले असतील.

खालच्या गावात मी पुढे होते. इतके नाराज होते, तरी पाण्याने ओढलं त्यांना. मग तुमच्या शाळेतली पेटी उघडली. मास्तर एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचत होते. रुफिनो, रुफिनो, रुफिनो. फळ्यावर रेघा मारणाऱ्या बाईंचा हात दुखायला लागला असेल. एकशे अठरा रुफिनो. आणि मध्येच एकदा ‘तासिंग’. सगळे हसले आणि एकमेकांची तोंडं बघायला लागले.

एक मत. मारिबिकचं नाव अजून खालच्याच यादीत आहे, ती इथे येऊन मत देऊन गेली, माझ्याकडे न थांबता. म्हणजे ते तिचं नाही.

मी ओळखलं, विहीणबाई. तुम्ही पत्रांत मला इतकं बोललात, पण खोलीत जाऊन कागदावर माझं नाव लिहिलंत. मला शब्द सुचत नाहीयेत, आणि माझ्या बाबतीत असं होत नाही. सोबत थोडं गोड, बाये-बाये, पाठवतेय, नव्या तांदळाचं, नारळ जास्त घातलाय. एकट्या खा.

तेयोच्या प्रश्नाचं उत्तर मी तुम्हाला १२ एप्रिललाच दिलंय.

तासिंग


इगलुनोक
मंगळवार, २० मे

विहीणबाई,

बाये-बाये पोचलं. चांगलं होतं. दाताला जरा चिकट.

निवडणुकीचं आता काय बोलायचं. झालं ते झालं. इथेही लोक माझ्याकडेच संशयाने बघतात. नाही म्हटलं तर विश्वास ठेवत नाहीत, आणि हो म्हटलं तर पाणी भरायला सोबत येणार नाहीत. म्हणून मी काहीच म्हणत नाही.

गुडघा दुखतोय, जास्त लिहीत नाही.

पान्यांग


इगलुनोक
रविवार, २८ सप्टेंबर १९९७

विहीणबाई,

चार महिन्यांनी लिहितेय. मधे तुमची तीन पत्रं आली आणि आणखी एकदा बाये-बाये आलं. तेही खाल्लं. उत्तर दिलं नाही, कारण काय लिहू ते समजत नव्हतं. आज सगळं लिहून टाकते, मग तुम्हाला काय वाटायचं ते वाटू दे.

रस्त्याचं आधी. जुलैमध्ये खडीचा ट्रक आला नाही. आम्हाला वाटलं, पावसामुळे. ऑगस्टमध्ये पण आला नाही. सहाही गडी रोज सकाळी जाऊन वळणावर बसायचे, ओढ्यातलेच गोटे उचलून खड्ड्यात भरायचे. तेयो तर झोपायचाही नाही आता, झोपाळू म्हणून गाजला होता ना. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी तिमाहीच्या पगाराला खाली गेले, तर कचेरीतल्या नव्या सचिव बाईने सांगितलं, “तुमची नावं जूनपासूनच नाहीत.” जूनपासून. तीन महिने फुकट राबले. तेयोने विचारलं, “आम्हाला कुणी सांगितलं का नाही?” ती म्हणाली, “कपितान शहरात गेलेत.” रुफिनो त्यानंतर दोनदा वाडीत आला, एका बारशाला आणि एका मयताला. दोन्ही वेळा माझ्या गुडघ्याची चौकशी केली. रस्त्याचं काढलं की म्हणतो, “ताई, सिमेंट येतंय, धीर धरा.”

तुम्ही चार काढणार होतात, त्याने सहाही काढले. आणि तुमचा पंपही झाला नाही म्हणे. मग पैसा कुठे गेला ते देवाला माहीत. मैदानावर नवं छप्पर आणि स्वतःच्या नावाची पाटी बसली आहे एवढं मी बघून आले.

ऊसतोडीचा मुकादम परत आला, पण आता चांगले मळे भरलेत. उरलेल्या मळ्यासाठी तेयो परवा बोटीने नेग्रोसला गेला. उचल एप्रिलमध्ये मिळत होती त्याच्या निम्मी, आणि राहायला गोठ्यामागची झोपडी. एप्रिलमध्ये मीच त्याला म्हटलं होतं, जाऊ नकोस, रुफिनो आहे. हे मला रोज आठवतं.

आता दुसरं. ते मत माझं नव्हतं.

मी रुफिनो लिहिलं. ‘फ’ नीट आला नाही म्हणून परत गिरवला. तुमचं पत्र आलं तेव्हा मी सांगायला हवं होतं. पण तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी इतकं गोड बोलल्या होतात, आणि मला ते हवंसं वाटलं. म्हणून दाताचं आणि गुडघ्याचं लिहिलं.

मत तेयोचं होतं. बोटीवर जायच्या दिवशी सकाळी त्याने सांगितलं. मी म्हटलं, “तुला वेड लागलंय का? जी तुला काढणार म्हणून ओरडून सांगत होती, तिला?” तो बूट बांधत होता. म्हणाला, “आई, मी राइस मिलमध्ये होतो, तिथून काढलं. मासेमारीच्या बोटीवर होतो, तिथून काढलं. रस्त्यावरून तर आता काढलंच. आधी सांगून काढणारी आजपर्यंत ती एकटीच भेटली.”

मारिबिक माझ्याजवळ आहे, बरी आहे. हे पत्र इस्कोच्या गाडीने येणार नाही. गाडी ऑगस्टपासून वर येत नाही. आलं विकायला पायी जाणाऱ्या बाईच्या हाती देतेय.

रागावलात तर रागवा. पण पत्र पाठवा.

पान्यांग


सान ग्रेगोरियो
रविवार, १९ ऑक्टोबर १९९७

तेयो,

तुझ्या लग्नाला सात वर्षं झाली आणि मी तुला लिहिलेलं हे पहिलं पत्र. पत्ता मारिबिकने दिला. गेल्या शनिवारी मी वर चालत गेले होते, सात किलोमीटर. तीन ठिकाणी रस्ता नाहीच, नुसता ओहोळ. वाटेत पाच वेळा बसले. तुझ्या आईने मला बघितलं आणि पहिलं वाक्य काय म्हणाली असेल? “आता कळलं ना?” मी म्हटलं, कळलं. मग आम्ही जेवलो. मारिबिकला निळा झगा कमरेत सैल होतोय, आत घ्यावा लागेल.

तू मला मत दिलंस हे कळलं.

सभेत तू एक प्रश्न विचारला होतास. सहाजण असताना नाव तुझं एकट्याचंच का घेतलं? तुझ्या आईला मी लिहिलं होतं, की जावयाला पाठीशी घालते असं कुणी म्हणू नये म्हणून. लोकांनाही तेच सांगितलं. स्वतःलाही.

ते खरं आहे, पण तेवढंच नाही. मारिबिकने तुझ्याशी लग्न केलं ते मला आवडलं नव्हतं. ती शहरात शिकत होती, शिक्षिका झाली असती. मला वाटायचं, माझी मुलगी घमेलं उचलणाऱ्याच्या घरी गेली. सात वर्षं हे मी गिळून बसले होते. त्या दिवशी मैदानावर हिशोबाने एवढंच म्हणणार होते, की सहातले चार जातील. मग तुझं नाव घेतलं, झोपेचं म्हटलं, आणि लोक हसले. त्या अख्ख्या सभेत लोक माझ्या बोलण्यावर तेवढेच एकदा हसले, आणि मला ते आवडलं. पुढच्या सभांतही मी ते मुद्दाम म्हटलं. तीनदा.

सगळ्या गावात मी खरं बोलणारी म्हणून मिरवले. हे मात्र कुणाला सांगितलं नाही. पडले त्याचं वाईट वाटतं, पण ते एक मत तुझं होतं हे कळल्यापासून मी मशीनवर बसले की टाके वाकडे जातात.

रस्त्याचा खर्च कापायचाच होता, ते मत माझं बदललेलं नाही. आता विहीरही आटलीय, पाऊसच नाही, लोक पिंपाने पाणी विकत घेतायत. पंप हवाच होता. पण तुझ्याबद्दल जे केलं ते पंपासाठी नव्हतं.

उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

तासिंग


नेग्रोस, मळ्यावरून
रविवार, ११ जानेवारी १९९८

आई,

तुमचं पत्र नाताळच्या आधी मिळालं. लिहायला उशीर झाला, कारण उसाच्या पात्याने बोटं फाटली आहेत. त्यात मला लिहायची सवय नाही.

तुम्हाला मी आवडत नव्हतो हे मला माहीत होतं. लग्नाचा शर्ट तुम्ही शिवलात. माप घेताना छाती, खांदा, बाही सगळं घेतलंत, पण तोंडाकडे एकदाही बघितलं नाहीत. शर्ट मात्र बरोबर बसला. मी मारिबिकला तेव्हाच म्हणालो होतो, तुझी आई माझ्यावर नाराज आहे पण माप चुकवत नाही. म्हणून पत्रातलं मला नवं काही नव्हतं. तरी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा इथल्या एकाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, तुझी सासू खमकी दिसते. मी म्हटलं, हो.

राग आला होता. घोरण्याचा आवाज काढायचे तेव्हा फार आला होता. आता इथे रोज इतकं थकायला होतं की रागही टिकत नाही.

इथे पाऊस नाही. ऊस खुरटलाय. कारखाना मेपर्यंत चालणार असं सांगून आणलं होतं, पण उभा ऊस बघितला की कळतं, तितका नाहीये. सगळे आपसात कुजबुजत होते, मुकादमाला कुणी विचारत नव्हतं. मागच्या रविवारी पगार वाटताना मी सगळ्यांसमोर विचारलं, “काम कधी बंद होणार, तारीख सांगा.” तो हसला. म्हणाला, “तुला घाई कसली?” मी म्हटलं, “घाई नाही. आधी कळलं की बरं असतं.” मग बाकीचेही विचारायला लागले. बुधवारी तो आला आणि सांगून गेला, मार्चच्या मध्यावर बंद. पुष्कळ जण चिडले, मला शिव्या दिल्या, की विचारलंस म्हणून तारीख जवळ आली. पण आम्ही अकराजणांनी पलीकडच्या मळ्यावर जाऊन बेणं लावायचं काम आत्ताच धरलंय. एप्रिलअखेरपर्यंत पुरेल.

मारिबिकचा झगा फार आत घेऊ नका, तिची तब्येत सुधारेल. माझ्या आईला म्हणावं, गुडघ्याला तेल लाव, आणि मताचं आता कुणाला सांगू नको.

मे महिन्यात येतो. बोट सकाळी लागते. वर जायला गाडी नसेल तर चालत जाईन, पण आधी तुमच्याकडे येऊन जेवायचं म्हणतोय. सात वर्षांत तसं कधी झालं नाही. तुमची इच्छा नसेल तर तसं आधी कळवा.

तेयो